धावण

तिसऱ्या रात्री तरुलताबेननी पडदा सारून विचारलं,
‘धावण आव्युं, बेन?’
टाक्यांच्या गुंगीत माझ्या कानांनी ते मराठीतच घेतलं.
म्हटलं, खूप झालं धावणं. सात वर्षं.
त्या हसल्या, गाऊनचं बटण काढलं,
दोन बोटांनी दाबून पाहिलं
आणि वहीत एक शून्य लिहिलं.

त्यांच्या गुजरातीत धावण म्हणजे अंगावरचं दूध.
मी दांडियाबाजारात जन्मले, अडतीस वर्षं भाजीवालीशी ह्याच भाषेत भांडले,
आणि हा शब्द मला कधी लागलाच नव्हता.

धावणं मात्र माहीत होतं.
अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरलं की स्कूटर लांबून घालायची,
पायांमध्ये बर्फाचा डबा, डब्यात इंजेक्शनं,
रात्री आठच्या ठोक्याला पोटाची चिमूट धरून एक.
फ्रिजमध्ये ती श्रीखंडाशेजारी राहायची;
पाहुणे आले की निशिकांत त्यांच्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवायचा.
पडद्यावर भिजल्या साबुदाण्यासारखे ठिपके.
डॉक्टर मोजत: चौदा मिलिमीटर, सोळा. ह्या खेपेला अठरा, छान.
मग पंधरा दिवस जिने हळू उतरायचे,
शिंक आली तरी पोट धरायचं,
आणि सोळाव्या दिवशी फोनवर एका मुलीचा फार गोड आवाज:
सॉरी मॅडम.

एकदा नऊ आठवडे राहिलं.
ते ऑफिसच्या बाथरूममध्ये गेलं, दुपारी, वीस तारखेला.
मी हात धुतले, दोनदा,
जागेवर येऊन जीएसटीचं रिटर्न भरलं. शेवटची तारीख होती.
आकडे जुळले.

आता वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत
एक किलो सातशे ग्रॅम. मुलगी.
आणि खाली मी, पंप लावून बसलेली.
दोरा न ओवलेलं शिवणयंत्र चालावं तसा त्याचा आवाज.
सासूबाईंनी अळिवाची खीर आणली,
कुणी सुव्याचं पाणी, निशिकांतने इंटरनेटवरचं सगळं.
शेजारच्या खाटेवर पादऱ्याची रमीला, बावीस वर्षांची.
झोपेतसुद्धा तिचं पोलकं भिजत होतं.
मी तिच्याकडे कशी पाहत होते
ते लिहिणार नाही.

तीच म्हणाली, ‘मशीनकडं काय बघता बेन,
गाय तरी वासरू चाटल्याशिवाय पान्हा सोडते का?’
तरुलताबेननी वरून टोपरं आणून दिलं, न धुतलेलं.
‘सूंघो.’
स्पिरिट, लोकर, आणि त्याखाली
ताज्या पावासारखं काहीतरी,
ज्याला मी आजवर नीट भेटलेच नव्हते.
काखेपासून आत मुंग्यांसारखी एक कळ सरकली
आणि चीक आला.
काही थेंब. हळदीच्या बोटासारखे पिवळे.
आमच्याकडे चिकाचा खरवस करून गल्लीभर वाटतात;
इथे चमचाही भरेना.
तरुलताबेननी तो सिरिंजमध्ये ओढला, चिठ्ठी चिकटवली:
माझं नाव, तीन चाळीस, दीड मिली.
माझ्या नावाच्या कितीतरी नळ्या आजवर तपासायला गेल्या होत्या.
ही पहिली, कोणालातरी पाजायला.

लिफ्ट बंद होती.
एक हात टाक्यांवर, दुसऱ्यात ती सिरिंज.
भिंतीला खांदा लावून एकेक पायरी चढले.
धावले नाही. झाकण होतं,
तरी सांडेल म्हणून.

अकराव्या दिवशी तिला पहिल्यांदा छातीशी दिलं.
तिचं तोंड हुकलं, रडली, पुन्हा हुकलं,
मग एकदम धरलं.
तरुलताबेन वाकून तिची हनुवटी हलताना बघत राहिल्या.
‘धावे छे,’ म्हणाल्या.
माझ्या भाषेत तिचं अजून पाऊलही पडायचं होतं.

दुखत होतं. तसं सांगितलं.
त्यांनी करंगळी घालून तोंड सोडवलं, मान जरा खाली घेतली,
आणि पुन्हा लावलं.